आईची वही रद्दीत देऊ नका



घरातली बाई गेली म्हणजे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग एके दिवशी तिची पेटी उघडली जाते. लेकीसुना खाली बसून एकेक वस्तू बाहेर काढतात. विटलेली लुगडी एकीकडे, बरी पातळे दुसरीकडे. एखादा दागिना असला तर तो कुणाकडे जायचा याची कुजबुज होते. आणि कधीकधी पेटीच्या तळाशी एक वही निघते. पोराच्या शाळेतून उरलेली, मागची पाने कोरी असलेली. तिच्यात दुधाचा हिशेब असतो, भिशीचे आकडे असतात, कुणाच्या लग्नात काय आहेर केला त्याची यादी असते. आणि मध्येच चार ओळी अशा असतात की त्यांचा हिशेबाशी काही संबंध नसतो. स्वतः जुळवलेले एखादे भीमगीत असते. लहानपणीच गेलेल्या लेकराचे नाव असते. नुसती एक तारीख असते आणि तिच्यापुढे काहीच लिहिलेले नसते.

पातळांची वाटणी होते, भांड्यांची होते. वही मात्र वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते. कुणाच्या मनात वाईट नसते. ती वही म्हणजे काय आहे हेच कुणाला ठाऊक नसते. आम्हाला आज या सदरातून एवढेच सांगायचे आहे की, त्या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच होती.

हे आम्ही उगाच भावनेच्या भरात बोलत नाही. आपल्याच समाजातल्या तीन बाया डोळ्यांपुढे आणा. तिघींनीही संसार केला, तिघींच्याही वाट्याला दुःख आले, आणि तिघींनी जे लिहिले ते आज महाराष्ट्रातच नव्हे तर महाराष्ट्राबाहेरही वाचले जाते. पण तिघींच्याही बाबतीत ते पेटीतल्या पेटीत राहून गेले असते तर नवल नव्हते.

पहिल्या फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचा जन्म १९२९ सालचा. लग्न लहान वयातच झाले. पुढे नवराबायकोने छोटेसे दुकान टाकले. दुकानात माल बांधायला रद्दी येई. गिऱ्हाईक नसले की बेबीताई तेच रद्दीचे कागद वाचत बसत. वाचता वाचता आपणही लिहावे असे त्यांना वाटू लागले. पण घरात नवऱ्याचा धाक. तेव्हा त्या चोरून लिहीत आणि लिहिलेले कागद कुणाचा हात पोहोचणार नाही अशा जागी दडवून ठेवीत. एकदोन वर्षे नव्हे, सुमारे वीस वर्षे हे असे चालले. घरात दहा माणसांचा राबता, पाठीला लेकरे, गल्ल्यावर लक्ष, आणि या सगळ्यात एक बाई आपल्या समाजाचा इतिहास लिहीत होती. तिच्या घरालाच त्याचा पत्ता नव्हता!

अमेरिकेत जन्मलेल्या पण फलटणमध्ये स्थायिक होऊन शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते कागद बाहेर आले. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. नावाकडे जरा लक्ष द्या. ‘जिणं माझं’ नव्हे, ‘जिणं आमुचं’. महारवाड्यातली भूक, कोवळ्या पोरींची बाळंतपणे, अन्नावाचून तळमळणारी बाळंतीण, हातातून निसटणारी लेकरे, सासूने सुनेचा केलेला छळ, अंगात येणे आणि देवदेवस्की, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने जागा झालेला समाज, हे सारे त्यात आहे. स्वतःच्या घरात सोसलेले मात्र त्यांनी पुस्तकात फारसे येऊ दिले नाही. पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर माया पंडित यांनी केले, ते २००८ मध्ये निघाले. त्या निमित्ताने बोलताना बेबीताईंनी नवऱ्याच्या माराबद्दलही मोकळेपणाने सांगितले. आधी समाजाचे दुःख, मग आपले, हा त्यांचा क्रम होता. याच बाईने फलटणजवळ निंबुरे येथे मागासलेल्या समाजांतील मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ मध्ये त्या गेल्या.

दुसऱ्या शांताबाई कांबळे. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातले महूद बुद्रुक हे त्यांचे गाव, जन्म १ मार्च १९२३ चा. अस्पृश्याच्या पोरीने शाळेची पायरी चढणे हेच त्या काळी नवल. शांताबाई शिकल्या आणि १९४२ मध्ये सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत मास्तरीण झाल्या. पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांत चाळीसएक वर्षे गेली. १९८१ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि मग लिहायला बसल्या.

आपल्याकडे बाई साठीला आली की तिने नातवंडे खेळवावीत, गुडघ्याला तेल लावावे आणि गप्प बसावे अशी सर्वांची अपेक्षा. शांताबाईंनी त्या वयात ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. १९८३ मध्ये ती ‘पूर्वा’ मासिकातून आली, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि १९९० मध्ये ‘नाजुका’ या नावाने मुंबई दूरदर्शनवर मालिका होऊन घराघरांत पोहोचली. पुस्तकाची भाषा पाहावी तर आपल्या आजीने चुलीपुढे बसून सांगावी तशी. अलंकार नाही, आव नाही. जन्मभर मुलांना शुद्धलेखन शिकवणाऱ्या बाईने स्वतःची कथा मात्र आपल्या गावच्या बोलीत सांगितली, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. शांताबाई २५ जानेवारी २०२३ रोजी गेल्या, वयाची शंभर वर्षे पूर्ण व्हायला थोडे दिवस उरले असताना.

तिसऱ्या ऊर्मिला पवार, कोकणातल्या, रत्नागिरीकडच्या. जन्म १९४५ चा. वडील शिक्षक होते. ऊर्मिलाताई तिसरीत असताना ते वारले. मुलांनी शिकले पाहिजे हा त्यांचा ध्यास होता, तो आईने पुढे चालवला. कशाच्या बळावर? तर बांबूच्या कामट्यांच्या बळावर. सुपे, टोपल्या, रवळ्या विणून विकायच्या आणि त्यावर घर चालवायचे. कोकणात आपल्या लोकांचा हा धंदाच होता. या विणलेल्या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. २००३ मध्ये ऊर्मिलाताईंनी आत्मकथन लिहिले, त्याला हेच नाव दिले, ‘आयदान’. आई आयदान विणत होती आणि आपण लिहितो आहोत, या दोन्ही विणी एकाच दुःखाच्या धाग्याने जोडलेल्या आहेत, असे त्या मानतात.

ऊर्मिलाताईंनी सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, लग्नानंतर मुलेबाळे सांभाळून एम.ए. केले. बायकोचे शिक्षण, तिच्या सभा आणि तिचे नाव यांनी घरात कसे ताण पडले, तेही त्यांनी लिहिले आहे. कथा लिहिल्या. मीनाक्षी मून यांच्याबरोबर गावोगाव हिंडून बाबासाहेबांच्या चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बाया शोधल्या, त्यांना बोलते केले आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. त्या म्हाताऱ्या आज नाहीत. त्या वेळी कुणी त्यांच्या दारात जाऊन बसले नसते तर सभेसाठी घरून भाकरी बांधून निघालेल्या, पोर काखेला मारून मोर्चात चाललेल्या त्या बायांची नावेही आपल्याला कळली नसती.

आणि याच ऊर्मिलाताईंचा तरुण मुलगा अचानक गेला. त्याहून मोठा घाव आईला कोणता? ‘आयदान’मध्ये त्यांनी तो घावही लिहिला आहे. नवऱ्यामागे आई कामट्या विणत राहिली, मुलामागे लेक शब्द विणत राहिली.

आता कुणी विचारील की, लिहिल्याने दुःख कमी होते काय? आम्ही खोटे सांगणार नाही. होत नाही. शांताबाईंचे पुस्तक येऊन, गाजून, वीसबावीस वर्षे झाल्यावर २००९ मध्ये त्यांचे चिरंजीव अरुण कांबळे गेले. दलित पँथरचा लढाऊ नेता, नावाजलेला कवी. आईचे वय तेव्हा ८६ वर्षांचे होते. पुस्तक असले म्हणून मरण दारातून परत फिरत नाही. मग लिहायचे कशाला? तर दुःख मुके राहू नये म्हणून. मुके दुःख माणसाला आतून खाते. बोललेल्या दुःखाला ऐकणारा मिळतो, आणि ऐकणाऱ्याला कळते की आपण एकटे नाही.

हे शहाणपण आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. किसा गोतमीची गोष्ट आपल्या विहारांत लहान मुलांनासुद्धा ठाऊक आहे. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. तथागतांनी सांगितले, ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण. ती दारोदार हिंडली आणि प्रत्येक दारात तिला तिच्यासारखेच दुःख भेटले. गोष्ट आपण इथेच संपवतो. परंतु गोतमी तिथे संपली नाही. ती भिक्खुणी झाली आणि तिने गाथा रचली. बाईच्या जन्माचे दुःख, सवतीचे दुःख, बाळंतपणाच्या कळा, हे सारे तिने त्या गाथेत उघड बोलून दाखवले. नवरा, दोन्ही मुले, आईबाप आणि भाऊ गमावून वेडीपिशी झालेली पटाचारा, तिचीही गाथा आहे. उखळमुसळातून सुटल्याचा आनंद गाणारी मुत्ता आहे. अशा ७३ गाथांचा संग्रह म्हणजे सुत्तपिटकातली ‘थेरीगाथा’. जगातल्या बायकांच्या अतिप्राचीन काव्यसंग्रहांत तिची गणना होते. त्या बायांनी दुःख गिळून टाकले नाही. त्याला शब्द दिले आणि पुढच्या बायांनी ते शब्द तोंडपाठ करून जपले.

आता रमाईचा विचार करा. पाच लेकरांपैकी चार लेकरे तिने आपल्या डोळ्यांदेखत गमावली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. २७ मे १९३५ रोजी ती स्वतः गेली. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ रामूच्या स्मृतीला अर्पण केला, तिच्या मनाचा मोठेपणा त्यांनी जगाला सांगितला. तिच्यावर किती गाणी झाली, किती पुस्तके झाली! परंतु ती सारी इतरांनी लिहिलेली. रात्री दिव्यापुढे बसलेल्या त्या माउलीच्या मनात काय चालले होते, हे तिच्या शब्दांत आपल्याजवळ नाही. रमाईची एक वही मिळाली असती तर आपण ती डोक्यावर घेऊन नाचलो असतो. मग आपल्या घरातल्या रमाईची वही रद्दीत का जाते?

काही भगिनी म्हणतील, आमच्या आईला अक्षरओळख नाही, ती काय लिहिणार? बाई लिहीतच नाही म्हणून ती रचत नाही असे नव्हे. जात्यावर बसून आपल्या आज्यापणज्यांनी किती ओव्या रचल्या! गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत सासरमाहेर आहे, भाऊबहीण आहे, आणि भीमरायावरच्याही ओव्या आहेत. कोण म्हणते आपल्या बायांना कविता येत नाही? गिरणी आली, जाते गेले, जात्याबरोबर ओवीही निघाली. पण जिच्या ओठांवर ती अजून आहे अशी एखादी म्हातारी आपल्या वस्तीत सापडतेच. गोधडी शिवताना रंगीत चिंध्यांची जी मांडणी ती करते, तीही एक रचनाच आहे. त्या गोधडीत गेलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याचा तुकडा कुठे लावला आहे, हे तिला विचारून पाहा. डोळे मिटूनही ती बोट ठेवील.

आणखी एक अडचण आम्हाला ठाऊक आहे. घरातली माणसे म्हणतात, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? मुलगा शिकून साहेब झालेला असतो. आईने शेण गोळा केले, उष्टे मागून आणले, बापाने दारू पिऊन तिला मारले, हे लोकांना कळले तर आपली इज्जत काय राहील, अशी त्याला धास्ती वाटते. त्याची धास्ती आम्ही समजू शकतो. परंतु त्या लेकराला आम्ही एवढेच विचारू की, लाज कुणाची? ज्या समाजव्यवस्थेने तुझ्या आईला उष्टे मागायला लावले तिची, की उष्टे आणून तुला वाढवणाऱ्या आईची? बेबीताईंनी आपल्याच सासवांचा जुलूम लिहिला, ऊर्मिलाताईंनी आपल्याच घरातले ताण लिहिले. त्यामुळे समाजाची मान खाली गेली नाही. आपल्यातले खोटे आपणच सांगू शकतो, एवढी ताकद आपल्यात आहे, हेच त्यातून जगाला दिसले.

कुटुंब बाईला अडवतेही आणि लिहायला खाद्यही पुरवते. म्हणून कुटुंबाचीच जबाबदारी मोठी. नवऱ्यांनो, लेकांनो, तुम्हाला फार काही करायचे नाही. तिला बाजारातून एक नवी कोरी वही आणून द्या. पोराच्या वहीची उरलेली पाने नकोत, तिची स्वतःची वही हवी. दिवसातून अर्धा तास तिला कुणी हाक मारू नये. तेवढा वेळ चहा आपला आपण करून प्यावा. बेबीताईंना वीस वर्षे लपवावे लागले. आपल्या घरातल्या बाईला एक दिवसही लपवावे लागू नये.

आणि भगिनींनो, तुम्ही लिहायला बसाल तेव्हा ग्रंथ लिहायचा आहे असे समजून घाबरू नका. ऱ्हस्वदीर्घाची चिंता नको. आपल्या आईचे माहेरचे नाव काय होते, इथून सुरुवात करा. लहानपणी पाणी कुठून आणत होतात? धम्मदीक्षेनंतर घरातले देव कुणी आणि कुठे नेऊन सोडले? गिरणी बंद पडली त्या वर्षी चूल कशी पेटली? जे लेकरू गेले त्याचा आवाज कसा होता? एका दिवशी एकच गोष्ट. रडू आले तर वही मिटून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा.

लिहिता येत नसेल तिच्यासाठी नातवंडे आहेत. आता घरोघरी मोबाइल आहे. आजीला भाजी निवडत बसू द्या आणि मोबाइल शेजारी ठेवा. तिला ‘गाणे म्हण’ म्हणाल तर ती लाजेल. ‘आजी, तुझ्या आईच्या जात्यावर कोणकोण बसायचे गं?’ असे विचारा. मग ओवी आपोआप येईल. जे म्हणेल ते तिच्याच बोलीत ठेवा, पुस्तकी करू नका. तिचे नाव, गाव आणि तारीख वर लिहून ठेवा. शांताबाईंची बोली छापून आली, तशी आजीचीही येऊ शकते.

विहारातल्या महिला मंडळांना आमची एक सूचना आहे. पौर्णिमेला वंदना झाली की एका बाईने आपल्या वहीतले एक पान वाचावे, किंवा एका म्हातारीने एक आठवण सांगावी, आणि बाकीच्यांनी ती ऐकावी. मध्येच कुणी सल्ला देऊ नये, कुणी ‘जाऊ दे, विसर आता’ म्हणू नये. विसरायला सांगणारे तिला आयुष्यभर भेटले आहेत. ऐकणारे तेवढे भेटलेले नाहीत. वर्षाच्या बारा पौर्णिमा, म्हणजे बारा बायांची बारा पाने होतात. पाच वर्षांत तुमच्या वस्तीचा इतिहास तयार होईल, आणि तो बाहेरच्या कुणी येऊन लिहिलेला नसेल.

या पौर्णिमेला पहिले पान कोण वाचणार, ते आजच ठरवा.

जयभीम!